'कर्ता' कोण? कुटुंबातील हुकूमशाही आणि मराठी कथनसाहित्य

१

मराठीत 'कर्ता' हा शब्द तीन निरनिराळ्या व्यवस्थांत वावरतो. व्याकरणात तो वाक्याचा कर्ता असतो, वाङ्मयव्यवहारात तो ग्रंथकर्ता असतो, आणि हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यात तो कुटुंबाचा व्यवस्थापक, म्हणजे परंपरेने घरातील ज्येष्ठ पुरुष असतो. एकाच शब्दाने या तिन्ही भूमिका व्यक्त व्हाव्यात, हा केवळ भाषिक योगायोग मानून सोडून देता येत नाही. क्रिया कोणाच्या नावावर जमा होते, कथा कोण सांगतो आणि घरात निर्णय कोण घेतो, हे तीन प्रश्न मराठी कथनसाहित्यात आरंभापासूनच एकमेकांत गुंतलेले आहेत. कुटुंबातील हुकूमशाहीचे साहित्यातील चित्रण तपासायचे, तर या गुंतागुंतीपासूनच सुरुवात करणे सयुक्तिक ठरेल.

मिताक्षरा परंपरेने कर्त्याला सामायिक मिळकतीची विल्हेवाट लावण्याची मुभा तीन प्रसंगी दिली: आपत्काल, कुटुंबाचे हित आणि धर्मकार्य. न्यायालयांनी पुढे हीच सूत्रे 'कायदेशीर गरज' आणि 'मिळकतीचे हित' अशा शब्दांत मांडली. कर्त्याकडे गतकाळातील व्यवहारांचा हिशेब सहसा मागता येत नाही. अफरातफरीचा आरोप असेल तरच तो प्रश्न उपस्थित होतो. ज्याला कर्त्याचा कारभार पटत नाही, त्याला वाटणी मागून वेगळे होण्याचा मार्ग मोकळा असतो. परंतु परंपरेने हा मार्ग पुरुष सहदायादांनाच मोकळा होता. मुलींना जन्मतः सहदायादाचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्रीय कायद्याने २००५ मध्ये दिला. ज्येष्ठ मुलगी कुटुंबाची कर्ता होऊ शकते, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. परंपरागत कायद्यात सुनेला, विधवेला, मुलीला न पटणाऱ्या कारभारातून बाहेर पडण्याची वाटच नव्हती.

हे सर्व मिळकतीसंबंधीचे आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु मराठी कथनसाहित्य वाचताना असे दिसून येते, की मिळकतीसाठी सांगितलेली ही तीन कारणेच माणसांच्या बाबतीतही वापरली गेली आहेत. घरातील प्रत्येक सक्ती आपत्ती, कुलहित किंवा धर्म यांपैकी कोणत्या तरी एका नावाने येते. उघड क्रौर्याच्या नावाने ती जवळजवळ कधीच येत नाही. म्हणूनच येथे उद्भवणारा नैतिक प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ज्याच्यावर सत्ता चालते त्याच्याच भल्यासाठी, आणि अनेकदा खऱ्या मायेने, चालवलेल्या सत्तेला हुकूमशाही म्हणता येईल काय? म्हणायचे असेल, तर कोणत्या कसोटीवर?

२

हेतूची कसोटी येथे फारशी उपयोगी पडत नाही. घरातील हुकूमशहा बहुधा सद्हेतूनेच वागत असतो, निदान तशी त्याची स्वतःची खात्री असते. परिणामांची कसोटीही अपुरी आहे. कारण परिणाम चांगला की वाईट, हे ठरवण्याचा अधिकारही घरात पुन्हा कर्त्याकडेच असतो. कथनसाहित्यातून एक तिसरी कसोटी हाती लागते. त्या घरात 'नाही' या शब्दाला जागा आहे काय? ही जागा असणे म्हणजे तीन गोष्टी असणे. 'नाही' उच्चारता आले पाहिजे; ते उच्चारल्यावर कारण म्हणून ऐकले गेले पाहिजे; आणि उच्चारणाऱ्याचे छप्पर त्यामुळे जाता कामा नये.

यांतील दुसरी अट सर्वांत सूक्ष्म आणि म्हणून सर्वांत महत्त्वाची आहे. हुकूमशाही घरात नकार उच्चारलाच जात नाही असे नाही. तो उच्चारला जातो, पण लगेच त्याचे भाषांतर होते. मुलाचा नकार 'हट्ट' होतो, सुनेचा 'उर्मटपणा', विधवेचा 'थेर', म्हाताऱ्याचा 'चळ'. एकदा हे भाषांतर झाले, की नकाराला उत्तर देण्याची गरज उरत नाही. त्यावर उपचार करणे किंवा त्याला शिक्षा करणे एवढेच उरते. घरातील सत्तेचे खरे साधन काठी नसून हे भाषांतर आहे. काठी लागते ती भाषांतर अपुरे पडल्यावर. आणि शब्दांना दुसरे अर्थ कसे चिकटवले जातात, हे दाखवण्याचे सामर्थ्य कायद्यापेक्षा किंवा समाजशास्त्रापेक्षा कादंबरीत अधिक असते, कारण तिचे माध्यमच शब्द आहेत.

३

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक'मधून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. ती प्रसिद्ध होत असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा होऊन मुलींसाठी ती मर्यादा दहावरून बारा वर्षांवर आली. त्याआधी १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून घरातील न्यायनिवाड्याचा पक्षपात उघड केला होता. 'संमती' हा शब्द अशा रीतीने सार्वजनिक वादाच्या केंद्रस्थानी होता. परंतु वाद चालला होता तो वयाचा. आपट्यांच्या कादंबरीने वयापलीकडचा प्रश्न उपस्थित केला: संमती मागितली जाते काय, आणि असंमती ऐकू येते काय? कादंबरीचे शीर्षकच हा प्रश्न आहे. त्यात तक्रार क्रौर्याची नाही, लक्ष न देण्याची आहे.

यमूचे वाचणे, नवऱ्याशी बोलणे, त्याच्याबरोबर मुंबईस राहणे या प्रत्येक गोष्टीचे सासरच्या घरात तात्काळ भाषांतर होते. रघुनाथरावांच्या हयातीत तिला मोकळेपणा लाभतो, हे खरे. परंतु कादंबरीचे निर्दय तर्कशास्त्र असे, की तो मोकळेपणा तिचा नसून नवऱ्याच्या मर्जीने आलेला होता, हे त्याच्या मृत्यूनंतर सिद्ध होते. चांगला कर्ता गेला, की वाईट कर्ता येतो; मध्ये जागा नसते. बळजबरीने होणारे केशवपन हा या कादंबरीचा परमोच्च क्षण समजला जातो. तेथे वापरले जाणारे कारण धर्मकार्याचे आहे, आणि तिचे 'नाही' ऐकून न ऐकल्यासारखे केले जाते. शंकरमामंजींना केवळ खलपुरुष मानणारी समीक्षा येथे अपुरी पडते. ते दांभिक आहेत, हे निर्विवाद. परंतु ते दांभिक नसते, अत्यंत प्रामाणिक धर्मनिष्ठ असते, तरी यमूच्या बाबतीत काय बदलले असते? काहीच नाही. खलपुरुषाच्या योजनेमुळे वाचकाचा संताप एका व्यक्तीवर केंद्रित होतो, आणि व्यवस्था तेवढ्यापुरती सुटते. ही कादंबरीची मर्यादा म्हणावी लागेल. तिचे यश मात्र निवेदनात आहे. घराने जिचे बोलणे 'बोलणे' म्हणून मोजले नाही, तिलाच आपट्यांनी संपूर्ण कादंबरीच्या वाक्यांचा कर्ता केले.

४

याच्या अगदी उलट टोकाला 'श्यामची आई' उभी आहे. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. कुटुंबातील हुकूमशाहीच्या चर्चेत त्याचे नाव घेणे अनेकांना खटकेल. परंतु मायेने चालवलेल्या सत्तेचा प्रश्न ज्या कृतीत सर्वाधिक तीव्रतेने उभा राहतो, ती टाळून ही चर्चा प्रामाणिक राहू शकत नाही. पोहायला जाण्यास घाबरून लपलेल्या श्यामला आई शिंपटीने फोडून काढते आणि विहिरीकडे धाडते. नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचे डोळे भरून येतात. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये, हे तिचे कारण.

केवळ 'नाही'च्या कसोटीवर हा प्रसंग टिकत नाही. श्यामच्या नकाराचेही भाषांतर झाले: भीतीचा 'भित्रेपणा' झाला. तरीही केशवपन आणि पोहणे यांत जो भेद वाचकाला जाणवतो तो भ्रामक नाही. पोहायला आल्यावर शिंपटीची गरज कायमची संपते. त्या सत्तेच्या पोटातच तिच्या समाप्तीची तरतूद आहे. मूल मोठे व्हावे आणि आपली जरूर उरू नये, हा तिचा हेतू आहे. केशवपन करणारी सत्ता याउलट विधवेला कायमचे अज्ञान ठेवते. तिच्या दृष्टीने ती बाई कधीही मोठी होणार नसते. पालकत्व आणि हुकूमशाही यांतील सीमारेषा येथे आखता येते. ज्या सत्तेला स्वतःचा शेवट मान्य आहे ती पालकाची. ज्या सत्तेला स्वतःचे सातत्य हेच साध्य आहे ती हुकूमशहाची.

परंतु या भेदाने प्रश्न पूर्ण मिटत नाही. 'श्यामची आई'चा निवेदक मोठा झालेला श्याम आहे. आश्रमातील सोबत्यांना तो रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगतो, आणि त्या सांगण्यातून तिच्या सत्तेला मागाहून संमती देतो. पण मागाहून संमती देणे ज्याला शक्य होते, तो त्या सत्तेतून धडपणे बाहेर पडलेला असतो, आणि त्याला श्रोतेही लाभलेले असतात. 'मार खाल्ला म्हणून माणूस झालो' असे सांगणारे नेहमी ते असतात, जे झाले. जे मोडले, त्यांची साक्ष नोंदवली जात नाही. उत्तरकाळात दिलेल्या संमतीने त्या दिवसाचा नकार पुसला जातो काय, हा प्रश्न साने गुरुजींनी विचारलेला नाही. आणि मराठी वाचकाने या पुस्तकावर केलेल्या निस्सीम प्रेमामुळे तो इतरांनीही क्वचितच विचारला.

याच पुस्तकात आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. श्यामच्या घरावर कर्ज आहे, आणि सावकाराचा माणूस दाराशी येऊन आईचा अपमान करतो. घरातील सत्ता तेथे एकाएकी थिटी पडते. घराच्या वर आणखी एक घर आहे, हे त्या क्षणी उघड होते.

५

सत्ता एका व्यक्तीत साठलेली नसते, हे मराठी साहित्याने पुढे अधिक स्पष्टपणे जाणले. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' (प्रथम प्रयोग १९८५) हे नाटक असल्याने कथनसाहित्याच्या कक्षेत येत नाही. तरी त्याचा उल्लेख अपरिहार्य आहे, कारण त्यात हुकूमशहा आरंभापूर्वीच वारलेला आहे. तात्याजी नाहीत, पण त्यांची तेरावी आहे, आणि त्या तेराव्याच्या खर्चापायी हयात माणसे वेठीस धरली जातात. प्रभाचे शिक्षण ज्यांनी थांबवले ते गेले. थांबलेले शिक्षण मात्र तसेच राहिले. काफ्काच्या १९१२ मध्ये लिहिलेल्या 'न्यायनिवाडा' या कथेत बाप मुलाला बुडून मरण्याची शिक्षा फर्मावतो आणि मुलगा धावत जाऊन ती स्वतःच अमलात आणतो. एलकुंचवारांच्या वाड्यात फर्मावणाराही उरलेला नाही. केवळ अंमलबजावणी उरली आहे.

या अंमलबजावणीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये अधिक कठोरपणे विचारला. हे आत्मकथन आहे, कल्पित नव्हे. वडिलांनी आईला घराच्या चार भिंतींत कोंडून ठेवल्याचे त्या सांगतात, आणि त्याच निःसंकोचपणे सासवांनी कोवळ्या सुनांचा केलेला छळही सांगतात. ज्यांना गावाने गुलाम केले होते, त्यांनी आपल्यासाठी गुलाम शोधला तो घरातली सून, असे त्यांच्या विवेचनाचे सूत्र आहे. या मांडणीतून स्पष्टीकरण मिळते, पण माफी मिळत नाही, हे तिचे नैतिक मोल. सासू बळी आहे, म्हणून ती निर्दोष ठरत नाही. आणि ती दोषी आहे, म्हणून गाव सुटत नाही. 'बायकाच बायकांच्या वैरी' या लोकप्रिय वाक्यात नेमका हा दुहेरी हिशेब गाळलेला असतो.

फ्रँकफर्ट येथील विचारवंतांनी १९३६ मध्ये 'अधिकार आणि कुटुंब' या विषयावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. मॅक्स हॉर्कहायमर यांच्या मते, समाजातील सत्तेपुढे मान तुकवण्याचे पहिले शिक्षण मूल बापापुढे घेते. कुटुंब ही आज्ञाधारकतेची शाळा असते. आपटे आणि एलकुंचवार यांच्या वाड्यांना हे विवेचन बव्हंशी लागू पडते. परंतु त्यामागे एक गृहीतक आहे: कुटुंबाला स्वतःची भिंत आहे, आणि बाहेरची सत्ता त्या भिंतीतून, बापाच्या मध्यस्थीने, आत येते. जेथे अशी भिंतच नाही, तेथे काय होते?

६

हा प्रश्न जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात प्रत्यक्ष उभा राहतो. पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात पोशेरा हे गाव आहे. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा समाजांच्या या प्रदेशातील घरे पाहिली, की मराठी समीक्षेने 'कुटुंब' म्हणून जे गृहीत धरले, ते किती मर्यादित होते याची जाणीव होते. कायद्यातला 'कर्ता'ही येथे पोहोचत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २(२) नुसार, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज, तो अनुसूचित जमातींना लागू नाही.

वारली समाजात लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे एक स्त्री. देज मुलाकडून मुलीकडे जाते. विधिवत लग्न परवडेपर्यंत जोडप्याने एकत्र नांदावे आणि विधी पुढे कधीतरी, मुलेबाळे झाल्यावरही, करावा, हे समाजाला मान्य आहे. काडीमोड आणि पुनर्विवाह यांनाही रूढीत वाव आहे. यमूच्या वाड्याशी तुलना केली, तर 'नाही' म्हणण्याची जागा येथे अधिक दिसते.

परंतु याच प्रदेशात 'लग्नगडी' हा शब्द होता. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकाने तो मराठी वाचकांपर्यंत पोचवला. लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून कर्ज काढणारा तरुण त्याचा वेठबिगार होई, आणि त्याच्यामागून त्याची बायकोही त्याच घरी राबे. डहाणू-उंबरगाव भागात १९४५ मध्ये उभ्या राहिलेल्या वारल्यांच्या लढ्यातील एक प्रमुख प्रश्न हा होता. माणसाच्या आयुष्यातील सर्वांत खासगी निर्णय येथे बापाच्या नव्हे, सावकाराच्या वहीत लिहिला जात होता. श्यामच्या घराच्या दाराशी थांबलेला सावकार येथे घराच्या आत होता. किंबहुना घर उभे राहण्याआधीपासून तो तेथे होता. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. त्यानंतरही या तालुक्यांतून पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबे आगाऊ उचल घेऊन, नवराबायकोची जोडी म्हणून, कामावर लागतात. मालकाच्या लेखी तेथे कुटुंब हेच मजुरीचे एकक असते.

अशा घरातील बापाला हुकूमशहा म्हणायचे, तर त्याच्या हातात हुकूम कोणता, असा प्रश्न पडतो. मध्यस्थाची भूमिकाही त्याच्याकडे उरलेली नाही. याचा अर्थ हे घर आतून मुक्त आहे असाही नव्हे. आदिवासी कुटुंबाचे स्वप्नाळू चित्र रंगवणाऱ्यांना 'भुताळी' हा शब्द विसरून चालणार नाही. गावात आजार किंवा मृत्यू ओढवला, की एखाद्या बाईवर भुताळीचा आरोप यावा, भगताने त्यावर शिक्कामोर्तब करावे, आणि तिचे छप्पर जावे, हे या भागाने पाहिले आहे. 'थेर', 'उर्मटपणा' यांच्याच मालिकेतील हा सर्वांत भयंकर शब्द. कारण एकदा तो चिकटला, की बाईने काहीही बोलले तरी तो आरोपाचा पुरावाच ठरतो.

म्हणून पोशेऱ्यासारख्या गावापुढे वाड्याची कादंबरी ठेवली, तर दोन्हींवर प्रकाश पडतो. वाड्याची कादंबरी शिकवते, की घरातील सत्ता भाषेत राहते. लग्नगड्याचे आयुष्य सांगते, की कोणत्याही घराच्या सत्तेचा हिशेब त्या घराच्या मालकीचा हिशेब मांडल्याशिवाय पुरा होत नाही. केवळ पहिले लक्षात घेणारी समीक्षा सारा दोष स्वभावावर ढकलते. केवळ दुसरे लक्षात घेणारी, बेबी कांबळे ज्या सासूला सोडत नाहीत, तिला सोडून देते.

७

राहिला तो तिसरा कर्ता, ग्रंथकर्ता. यमूच्या तोंडी वाक्ये घालणारे आपटे पुरुष होते. विभावरी शिरूरकर यांनी 'बळी' (१९५०) मध्ये काटेरी तारांतील गुन्हेगार जमातींच्या वसाहतीचे जग उभे केले, ते वसाहतीच्या कारभारात काम केलेल्या अनुभवातून. तेथे तर शासनच पालक झाले होते, आणि सुधारणेच्या नावाखाली माणसांना कुंपणात ठेवत होते. परुळेकर यांचे पुस्तक वारल्यांचा लढा सांगते. सांगणारा आवाज मात्र त्यांच्या सोबत उभ्या राहिलेल्या कार्यकर्तीचा आहे. या तिघांच्याही हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण हेतूची कसोटी अपुरी आहे, हे घरातील कर्त्याबाबत मान्य केले, तर ग्रंथकर्त्याबाबत ते अमान्य करता येणार नाही. दुसऱ्याच्या भल्यासाठी, दुसऱ्याच्या वतीने बोलणे ही कर्त्याचीच रीत आहे.

तरी येथे पालकत्व आणि हुकूमशाही यांतला भेद पुन्हा उपयोगी पडतो. जे लेखन आपल्या पात्राला इतका आवाज देते, की पुढच्या पिढीतील एखादीने ग्रंथकर्त्याशिवाय बोलावे, ते पालकासारखे स्वतःच्या समाप्तीची तयारी करते. यमूच्या कल्पित आत्मकथनानंतर सुमारे नव्वद वर्षांनी, आपट्यांच्या जगाशी काहीही देणेघेणे नसलेल्या बेबी कांबळे यांनी खरे आत्मकथन लिहिले. पतीच्या नजरेआड, लपवून ठेवलेल्या कागदांवर त्यांनी ते लिहिले होते. 'आमुचं' म्हणणारे हे निवेदन कोणाच्याही वतीने उसने घेतलेले नाही. लग्नगड्याच्या बायकोचे, वीटभट्टीवरील जोडीतल्या बाईचे, भुताळी ठरवलेल्या म्हातारीचे निवेदन मराठीत तिच्याच वाक्यात येईल, तेव्हा ते आजच्या समीक्षेला कदाचित विस्कळीत, अशुद्ध किंवा 'वाङ्मयीन गुणांनी उणे' वाटेल. हे शेरे तिच्या लेखनाचे वर्णन असतील, की तिच्या नकाराचे आणखी एक भाषांतर, हे त्या वेळी समीक्षेलाच ठरवावे लागेल.